काचेचं, चिनी मातीचं सामान कुरियरने पाठवताय? टेप हातात घ्यायच्या आधी हे वाचा

नागपूरच्या एका ताईंना सहा मग पाठवले होते, निळ्या ग्लेझचे, म्हणजे मातीवरच्या चकचकीत लेपाचे, भट्टीतून इतके छान उतरले होते की पाठवायला जीवावर आलं होतं. प्रत्येक मगला बबल रॅपचे चार-चार वेढे, वरखाली पेपरचे बोळे, खोक्यावर चारही बाजूंनी लाल अक्षरात ‘फ्रॅजाइल’. चौथ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला. सहातल्या चार मगांचे कान तुटलेले, आणि ते तुटलेले कान बबल रॅपच्या आतच, जागच्या जागी, मगला टेकून पडलेले. रॅप फाटलेलं नव्हतं, खोकं चेपलेलं नव्हतं, तरी आतमध्ये तुटलं होतं. तो फोटो मी कितीतरी वेळ झूम करून बघत बसले कारण एवढं गुंडाळल्यावर तुटलं कसं हेच कळत नव्हतं.

आता कळतं. मी घरून मातीची भांडी विकते, स्टोनवेअरचे, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या टणक मातीचे मग, वाट्या, बरण्या, आणि नवीन विकायला लागलेल्या मैत्रिणी रोज हाच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. विकणारेच कशाला, लेकीला बंगलोरला लोणच्याची बरणी पाठवणारी आई असो नाहीतर लग्नाच्या आहेराचा काचेचा सेट गावाला पाठवणारे काका, सगळ्यांना उपयोगी पडेल.

आधी एक समजून घ्या, पार्सलचं वाटेत होतं काय. तुम्ही काउंटरवर दिलं की ते आधी मोठ्या पिशवीत नाहीतर पोत्यात जातं, त्यात वर अजून दहा पार्सलं, मग टेम्पो, मग हब, म्हणजे पार्सलं वेगळी करायचं मोठं गोदाम, तिथे सरकत्या पट्ट्यावरून घसरत खाली, परत गाडी, परत हब, शेवटी डिलिव्हरीवाल्या मुलाच्या बाईकवरची ती भली मोठी बॅग. प्रत्येक ठिकाणी उचलणं आणि ठेवणं. त्या माणसांना तासाला शेकडो नग हलवायचे असतात, तुमचं लाल स्टिकर वाचायला त्यांना वेळच नसतो, आणि पोत्यात असताना तर ते दिसतही नाही. स्टिकर लावा जरूर, मीही लावते, पण पॅकिंग हे धरूनच करा की ते स्टिकर कोणीच वाचणार नाहीये. पार्सल कमरेएवढ्या उंचीवरून पडणारच, एकदा नाही दोन-तीनदा, कोपऱ्यावर पण पडणार, आणि त्याच्यावर दहा-पंधरा किलोचं दुसरं काहीतरी येऊन बसणार. एवढं धरून चाललात की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

दुसरी गोष्ट, वस्तू पडल्यामुळे तुटत नाही, एकदम थांबल्यामुळे तुटते. शाळेतलं विज्ञान आहे, पण मला ते नागपूरच्या मगांनंतर पटलं. समजा खोकं एक मीटरवरून पडलं आणि आतल्या मगला थांबायला फक्त १ सेंटीमीटर जागा मिळाली, तर त्याच्यावर त्याच्या वजनाच्या साधारण शंभर पट जोर येतो. तीच जागा ५ सेंटीमीटर दिली तर जोर वीस पटीवर येतो. म्हणजे बबल रॅप, फोम, कागद हे सगळं कशासाठी, तर मगला हळूहळू थांबायला जागा देण्यासाठी. म्हणून गच्च आवळून केलेलं पातळ पॅकिंग बेकार, आणि सैल पॅकिंगही बेकार कारण मग वस्तू आत पळते आणि भिंतीवर जाऊन आदळते. आत काही हलता कामा नये आणि बाहेरच्या पुठ्ठ्यापासून सगळ्या बाजूंनी ५ सेंटीमीटर, म्हणजे आपली तीन बोटं, मऊ जागा हवी. मी मोजपट्टी वापरत नाही, बोटंच लावून बघते.

आमच्याकडे कोकणातून आंब्याची पेटी यायची, त्यात भाताचा पेंढा भरलेला असायचा. खाली पेंढा, मग आंबे, मध्ये पेंढा, परत आंबे, वर पेंढा, आणि एकही आंबा पेटीच्या फळीला टेकलेला नसायचा. बांगड्या भरणारे कासार सुद्धा बांगड्यांचे जुडगे कागदात घट्ट गुंडाळतात, एकमेकींत खुळखुळ होऊ देत नाहीत. आपल्याला हेच करायचंय, फक्त सामान वेगळं.

सामान काय आणायचं ते सांगते. खोकं ५ प्लायचं घ्या. ३ प्लाय म्हणजे दोन सपाट कागद आणि मध्ये एक नागमोडी थर, ५ प्लायमध्ये असे दोन नागमोडी थर असतात आणि ते हातात धरल्यावरच जाड लागतं. एखादी छोटी हलकी वस्तू असेल तर ३ प्लाय चालेल, पण एक किलोच्या वर गेलं की ५ प्लायच. किराणा दुकानातून आणलेली जुनी खोकी नको, म्हणजे आतल्या खोक्यासाठी चालतील पण बाहेरचं नवीनच असू दे, कारण एकदा दुमडलेला, ओल लागलेला पुठ्ठा अर्धी ताकद गमावून बसलेला असतो आणि ते वरून दिसत नाही. पुण्यात रविवार पेठ, बोहरी आळीकडे पॅकिंगचं सामान मिळतं, तुमच्या गावातही मार्केट यार्डाच्या आसपास खोक्यांचं दुकान असतंच, तिथे २५ किंवा ५० नग घेतले तर ऑनलाइनपेक्षा बरंच स्वस्त पडतं. सुरुवातीला दोनच साइज घ्या. मी उत्साहात सात साइज आणल्या होत्या, त्यातल्या चार अजून माळ्यावर आहेत.

बबल रॅपचा रोल, लहान फुग्यांचा. ईपीई फोमची शीट, तीच ती पांढरी मऊ, टीव्हीच्या खोक्यात येते ती. थर्माकोलपेक्षा हा फोम चांगला कारण दाबला की परत वर येतो, थर्माकोल एकदा चेपला की चेपलेलाच राहतो, म्हणजे पहिला धक्का त्याने घेतला, दुसऱ्याला काय? शिवाय त्याचे दाणे सगळ्या घरभर होतात आणि ज्याला पार्सल मिळतं तो वैतागतो. कोरा न्यूजप्रिंट कागद मिळाला तर उत्तम, रद्दी पेपरही चालतो पण त्याची शाई पांढऱ्या, ग्लेझ नसलेल्या मातीवर उमटते आणि पुसता पुसत नाही, म्हणून वस्तूला लागून कोरा कागद आणि बाहेर भरायला रद्दी. टेप दोन इंची, चांगल्या चिकटपणाची. अगदी स्वस्तातली टेप थंडीत कडक होऊन सुटते, हा अनुभव महाबळेश्वरला पाठवलेल्या एका पार्सलचा आहे, खालचा फ्लॅप उघडाच पडला होता. कात्री, मार्कर, आणि पावसाळ्यासाठी जाड प्लास्टिकच्या पिशव्या. झालं.

आता करायला घेऊ.

सगळ्यात आधी वस्तू तपासा. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, खणखणीत आवाज आला तर चांगला, भद्द आला तर चीर आहे. तसंच मग, बरणी, ताटली, सगळ्याला बोटाने वाजवून बघा. आधीच केसाएवढी चीर असेल तर कितीही पॅकिंग करा, ती वाटेत वाढणारच आणि तुम्ही कुरियरला दोष देत बसाल. मग उजेडात दोन फोटो काढा, एक पूर्ण वस्तूचा, एक किनारीचा जवळून. हे फोटो पुढे लागतात.

मग त्या वस्तूचा नाजूक भाग कुठला ते बघा. मगचा कान, किटलीची तोटी आणि झाकणाची गुंडी, वाइन ग्लासचा देठ, मूर्तीची सोंड, बोटं, मुकुट. म्हणजे जे अंगाबाहेर आलंय ते. माझी चूक इथेच झाली होती. मी मगला बबल रॅप कानावरून ताणून गुंडाळलं होतं, ते रॅप कान आणि मग यांच्यामध्ये पुलासारखं ताणलं गेलं, आणि वर सहाही मगांचे कान एकमेकांकडे करून ठेवले कारण तसे ते खोक्यात छान बसत होते. म्हणजे प्रत्येक धक्का आधी कानावर. कान म्हणजे मातीचा वेगळा वळलेला तुकडा, मगला दोन ठिकाणी जोडलेला, तिथेच तो सगळ्यात कच्चा.

म्हणून आता मी असं करते. कोऱ्या कागदाची एक पट्टी घेऊन सैलसर वळकटी करते आणि ती कानाच्या भोकातून घालते, भोक भरलं पाहिजे पण कोंबायचं नाही, कोंबलं तर आतूनच जोर पडतो. मग कानाभोवती फोमची छोटी पट्टी, कानाच्या उंचीएवढी जाड होईपर्यंत दोन्ही बाजूंनी भर घालायची, म्हणजे वरून हात फिरवला तर मग आणि कान मिळून एकच गोल अंग लागलं पाहिजे, कान वर आलेला लागताच कामा नये. हे झालं की मगाच्या पोटात कागदाचा बोळा, हाही हलक्या हाताने, काठापर्यंत. आणि मग सगळ्यावरून बबल रॅप, फुगे आतल्या बाजूला, तीन वेढे. शेवटाला टेप लावताना टेपचं टोक अर्धा इंच दुमडून चिमटी ठेवा, म्हणजे उघडणाऱ्याला सुरी लागत नाही. वस्तूवर थेट टेप कधीच लावू नका, सोनेरी काठाच्या कपबशांचा सोनेरी रंग टेपबरोबर निघून येतो.

झाकण असेल तर झाकण वेगळं गुंडाळायचं. बरणीवर झाकण लावूनच पाठवायचा मोह होतो, जागा वाचते, पण मातीवर माती घासून काठाचे टवके उडतात. झाकण उलटं करून बरणीच्या तोंडावर ठेवता येतं, मध्ये फोमची चकती घालून.

ताटल्या, डिश नेहमी उभ्या ठेवायच्या, कडेवर, आपण रॅकमध्ये लावतो तशा. आडव्या रचल्या की सगळ्या वरच्यांचं वजन खालच्या डिशवर, आणि खोकं आपटलं की मधोमध चीर. उभी डिश तो धक्का कडेवर घेते, कड मजबूत असते. प्रत्येक डिशमध्ये फोमची शीट, चार-चारचा गठ्ठा करून बाहेरून बबल रॅप.

आता खोक्यात भरणं. दोनपेक्षा जास्त वस्तू असतील किंवा महाग काही असेल तर डबल बॉक्स करा, म्हणजे आधी एका छोट्या खोक्यात आणि ते खोकं मोठ्या खोक्यात. छोट्या खोक्यात प्रत्येक मगाला वेगळा कप्पा, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना खाचा पाडून जाळी करता येते, अंड्यांच्या ट्रेसारखी कल्पना, अंड्याला अंडं लागत नाही म्हणून ती एवढा प्रवास करतात. कान आतल्या बाजूला, कोपऱ्याकडे नाही, आणि दोन कान समोरासमोर तर अजिबात नाही. मग हे छोटं खोकं बंद करायचं, मोठ्या खोक्याच्या तळाला तीन बोटं कागदाचे बोळे घट्ट दाबून, त्यावर छोटं खोकं, चारही बाजूंनी बोळे, वर परत बोळे. बोळे म्हणजे पेपर नुसता चुरगळून टाकायचा नाही, मुठीत घट्ट दाबून मुठीएवढा करायचा आणि एकमेकांना लागून बसवायचे. सैल चुरगळलेला पेपर दोन दिवसांच्या प्रवासात बसतो आणि वर पोकळी तयार होते, तेव्हा आतलं खोकं नाचायला लागतं.

त्या शेंगदाण्यासारख्या फोमच्या तुकड्यांबद्दल विचारतात, जड वस्तूला ते नको. गाडी हलत राहते तसतशी जड वस्तू त्यातून हळूहळू खाली सरकत तळाला जाऊन बसते.

वर झाकण बंद करताना फ्लॅप किंचित दाबावे लागले पाहिजेत. सहज बंद झाले तर अजून भरा, फुगून वर आले तर थोडं काढा. बंद केल्यावर टेप न लावता खोकं दोन्ही हातांत धरून हलवा, कानाशी नेऊन. काहीही वाजलं, अगदी हलकं सरकल्याचा आवाज आला तरी उघडा. कंटाळा येतो, मान्य, रात्री अकरा वाजता दहावं पार्सल परत उघडायला कोणाला आवडेल, पण तो आवाज उद्या तिकडे तुकडे होऊन निघणार असतो. मी एवढ्यासाठी भट्टीत टवका उडालेले, रंग बिघडलेले दोन मग खास ठेवलेत. पॅकिंगची पद्धत बदलली, नवीन साइजचं खोकं आणलं की आधी त्यातला एक मग पॅक करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाकायचा, एकदा तळावर, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. पहिल्यांदा टाकताना हात थरथरतो. पण तुमच्या स्वयंपाकघरात तुटलेला रिजेक्ट मग हा गिऱ्हाइकाच्या घरी तुटलेल्यापेक्षा कितीतरी परवडला.

टेप ‘एच’ आकारात, म्हणजे मधल्या फटीवरून लांब एक पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवरून एकेक आडवी, वरही आणि खालीही. खालच्या मधल्या फटीवर दुहेरी. सुतळी बांधू नका, पट्ट्यावर अडकते.

पत्ता खोक्याच्या सगळ्यात मोठ्या सपाट बाजूवर, कडेवर दुमडून नाही, बारकोडवर चुणी नको, स्कॅन होत नाही आणि पार्सल बाजूला पडून राहतं. दोघांचे फोन नंबर लिहा. आणि एक कागद आतही टाका, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहून, कारण पावसात बाहेरचं लेबल गेलं तर तेवढाच आधार.

पावसाचा विषय निघालाच आहे तर, जून ते सप्टेंबर आपल्याकडे पुठ्ठा हा भरवशाचा माणूस नाही. ओल लागली की खोकं मऊ पडतं आणि वरच्या वजनाने खचतं, भिजायचीही गरज नाही, नुसत्या दमट हवेतही त्याची ताकद कमी होते. मुंबई-कोकणात तर विचारूच नका. या दिवसांत आतलं खोकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग मोठ्या खोक्यात, आणि बाहेरून अजून एक कुरियर बॅग. रिकामी खोकी जमिनीवर ठेवू नका, माळ्यावर किंवा पाटावर.

आता पैशांचं, कारण इथे नवीन लोक फार फसतात. कुरियरवाले दोन वजनं बघतात, एक काट्यावरचं आणि एक आकाराचं, ज्याला व्हॉल्युमेट्रिक म्हणतात, आणि जे जास्त त्याचे पैसे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटीमीटरमध्ये, आणि बऱ्याच ठिकाणी भागिले ५०००. समजा मग १० सेंटीमीटर उंच, कान धरून १२ रुंद आणि ९ जाड. प्रत्येक बाजूला ५ सोडले की खोकं झालं २० बाय २२ बाय १९, म्हणजे ८३६० भागिले ५०००, १.६७ किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्याने दर असेल तर २ किलोचे पैसे. काट्यावर मात्र ते पाऊण किलो सुद्धा भरत नाही. हे बघून नवीन माणूस काय करतो, तर खोकं लहान करतो, तीन बोटांची जागा एका बोटावर आणतो. नका करू. त्यापेक्षा शिपिंगचा खर्च आधीच किमतीत धरा, किंवा दोन मगांचा जोड विका, दोन मगांचं खोकं एका मगाच्या दुप्पट मोठं होत नाही. मी एकटा मग पाठवणं बंदच केलंय, जोडीनेच विकते, आणि गिऱ्हाइकाला हा हिशोब सरळ सांगितला की पटतो.

लोणचं, तूप, मध असं पातळ असेल तर तुटण्याबरोबर गळण्याची पण भीती. माझ्या मावशीने बंगलोरला लेकीसाठी कैरीचं लोणचं पाठवलं, काचेच्या बरणीत, वरपर्यंत तेल, झाकण घट्ट. बरणी फुटली नाही, पण तेल झाकणातून झिरपत सगळ्या पुठ्ठ्यात मुरलं, तळ मऊ होऊन बसला आणि शेवटच्या ऑफिसातून फोन आला की तुमचं पार्सल घेऊन जा, पिवळं पाणी गळतंय. बरणी वरून दोन बोटं रिकामी ठेवायची, उन्हात तेल फुगतं. तोंडावर आधी प्लास्टिकचा कागद, मग झाकण, मग झाकणाच्या कडेने टेप फिरवायची. बरणी एका झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, दोन्हींच्या मध्ये जुनं सुती फडकं, गळलं तर ते शोषून घेतं. मग बबल रॅप. आजीच्या वेळची चिनी मातीची बरणी पाठवूच नका, ती दादरा बांधून फडताळात ठेवायची वस्तू आहे, तिचं झाकण हवाबंद नसतं. लोणचं प्लास्टिकच्या चांगल्या बरणीत पाठवा, चिनी मातीची बरणी लेक सुट्टीत आली की स्वतः घेऊन जाईल. आणि हो, काही कुरियर कंपन्या पातळ पदार्थ घेतच नाहीत, आधी विचारा.

दिवाळीच्या आधी फराळ पाठवणारेही याच रांगेत येतात. शंकरपाळे, चिवडा कसेही जातात. चकली आणि चिरोटे खरे नाजूक. चकल्या गोल डब्यात आडव्या, एकावर एक, डब्याचा व्यास चकलीपेक्षा जेमतेम मोठा असावा, दोन चकल्यांमध्ये बटर पेपरची चकती आणि वर उरलेल्या जागेत टिशूचा बोळा, झाकण दाबून बसलं पाहिजे. करंज्या उभ्या लावा, पोटाला पोट लावून. चिरोट्यांबद्दल मी एवढंच म्हणेन की पोचतील त्यातले निम्मे चुरा होऊन पोचतील, ते जवळच्या माणसाला हातीच द्यावेत. परदेशी पाठवत असाल तर पॅकिंगमध्ये पेंढा, गवत, भुसा काही नको, बाहेरच्या देशात ते अडवतात, आणि लाकडी पेटी असेल तर त्या लाकडावर आयएसपीएम १५ चा शिक्का लागतो, कीड मारण्यासाठी तापवल्याचा. साधं खोकं आणि कागद बरा.

शाडूची छोटी मूर्ती पाठवायची झाली तर ती भाजलेली नसते, नुसती वाळलेली कच्ची माती असते हे विसरू नका. ओल लागली की संपलं. सोंड आणि हात यांच्यामध्ये कापूस, मुकुटाभोवती कापूस, मग मऊ मलमल, आणि मूर्ती आसनावर उभी राहील असं फोममध्ये पाटाच्या आकाराचं खोलगट कापून त्यात बसवायची. आडवी झोपवून कधीच नाही. रंगाला बबल रॅपचे फुगे चिकटून गोल-गोल डाग उठतात, म्हणून मध्ये कापड हवंच.

फोटो फ्रेमच्या काचेवर कागदी टेपची फुली मारा, त्याने काच वाचत नाही, पण फुटली तर तुकडे जागेवर राहतात आणि फोटो खरचटत नाही.

पार्सल द्यायला जाल तेव्हा काउंटरवर आत काय आहे ते खरं सांगा. ‘कपडे’ लिहून काचसामान पाठवलं तर नंतर तक्रारीला जागाच राहत नाही. पावतीच्या मागची बारीक अक्षरं एकदा तरी वाचा, बऱ्याच कंपन्या काच, चिनी माती यांच्या मोडतोडीची जबाबदारी घेत नाहीत किंवा अगदी थोडी रक्कम देतात. विमा मिळतो का विचारा, स्पीड पोस्टलाही जादा पैसे भरून विमा घेता येतो, महाग वस्तूला तो घ्याच. बंद करण्याआधी उघड्या खोक्याचा एक फोटो आणि बंद झाल्यावर सगळ्या बाजूंचे फोटो ठेवा.

घेणाऱ्यालाही आधीच मेसेज करून ठेवा. मी ठरलेला मेसेज पाठवते की खोकं चेपलेलं किंवा ओलं दिसलं तर सही करायच्या आधी तसं लिहा आणि फोटो काढा, उघडताना व्हिडिओ करा, आणि काही तुटलं असेल तर तुकडे, रॅप, खोकं, काहीच टाकू नका. लोक आधी खोकं कचऱ्यात टाकतात, मग फोन करतात, आणि कंपनी म्हणते पॅकिंग दाखवा. तक्रार त्याच दिवशी, लेखी, ईमेलवर, ट्रॅकिंग नंबर आणि फोटो जोडून. फोनवरच्या ‘हो मॅडम बघतो’ ला काही अर्थ नाही, तक्रारीचा नंबर घ्या. दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. नागपूरच्या मगांच्या वेळी मी यातलं काहीच केलं नव्हतं, ना फोटो ना विमा, त्यामुळे चार मग परत करून पाठवले, माझ्या खिशातून. कंपनीला मी नुसता दोष दिला असता तर पुढचे मगही तसेच तुटले असते, कारण खोकं खरंच शाबूत होतं.

आणि पहिली खरी ऑर्डर पाठवायच्या आधी एक पार्सल ओळखीच्या घरी पाठवा, जितकं लांब तितकं बरं, दोन-तीन हबमधून जाईल असं. मी अमरावतीला आत्याकडे पाठवलं होतं आणि तिला सांगितलं होतं की व्हिडिओ कॉल लावल्याशिवाय उघडायचं नाही. खोक्याचा एक कोपरा बसलेला होता, चांगला आत गेलेला, माझ्या पोटात गोळा आला. तिने टेपची चिमटी ओढली, कात्रीची गरज पडली नाही, बोळे एकेक करून बाहेर काढून सोफ्यावर ठेवले, आतलं खोकं उघडलं, रॅप सोडलं, कानातली कागदाची वळकटी काढायला तिला चष्मा लावावा लागला. मग तिने मग कानाला धरून उचलला, टिचकी मारली, आणि तो आवाज मला इकडे फोनमधून ऐकू आला. संध्याकाळी चहा प्यायल्याचा फोटो आला तेव्हा मी पुण्यात पहिल्या ऑर्डरचं खोकं जुळवायला घेतलं होतं.